दगडूकाका पाणबुडीवाले

दगडूकाका कुणाच्याही घरात शिरतात ते आधी नाकानं. चप्पल बाहेर, एक पाय आत, आणि तिथंच थांबून मान वर करून दोनदा जोरात श्वास ओढणार. आपण "या काका, बसा" म्हणत उभे, पण त्यांचं लक्षच नसतं. मग मान हलवून म्हणणार, "हवा ठीक हाये," आणि बसणार. हवा ठीक नसली तर बसतच नाहीत, सरळ वासाच्या मागं जातात. आमच्या घरी एकदा ते असेच स्वयंपाकघरात घुसले, फ्रिज पुढं ओढला, मागचा प्लग उपसला आणि आईच्या हातात ठेवला. प्लगची एक पिन काळी पडली होती. आई म्हणाली, "अहो काका, आत दही लावलंय." काका म्हणाले, "दह्याला काय व्हत नाय. तुमाला झालं असतं."

आमची बिल्डिंग बजाजनगरात, वाळूजच्या कारखान्यांना लागून. तीन मजले, झाडून सगळी कंपनीतली माणसं. दुसऱ्या मजल्यावर आम्ही आणि बरोबर खाली काका आणि कौसल्याकाकू. आमच्या खाली पाणबुडीतून रिटायर झालेला माणूस राहतो असं मी ऑफिसात सांगितलं तर पोरी आधी हसल्याच. बरोबर आहे. आमच्याकडं नळाला पाणी येणार असलं तर लोक शेजाऱ्याला फोन करून सांगतात. इथं पाणबुडी कुठून येणार?

त्यात काका मूळचे दौलताबादच्या पलीकडच्या एका वस्तीवरचे. मेंढरं राखणारं घर. अठरा वर्षांचे होईपर्यंत त्यांनी पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे हर्सूलचा तलाव, आणि तोही अर्धाच भरलेला. गेले होते पायदळाच्या भरतीला. रांग चुकली आणि नौदलाच्या टेबलासमोर उभे राहिले. टेबलावर एक मराठी कारकून होता, तो नाव वाचून म्हणाला म्हणे, "दगडू? मग तुझी जागा पाण्याखालीच रे." पुढं पाणबुडीसाठी माणसं निवडताना साहेबांनी विचारलं, कोंदट जागेत घुसमटशील का? काकांनी सांगितलं, "साहेब, मी मेंढरांच्या वाड्यात झोपतो." झालं, घेतलं.

काकांचं काम बॅटरीचं. पाणबुडीच्या पोटात खाली बॅटऱ्यांच्या रांगाच्या रांगा असतात, एकेक जवळपास माणसाएवढी. पाण्याखाली गेलं की दिवा, पंखा, चालणं, सगळं त्यांच्यावर. तिथं नवीन वास आला की समजायचं काहीतरी तापलंय. आणि वरती उडी मारून पळायला जागा नसते. काका सांगतात, "जमिनीवर आग लागली तर मानूस भाईर पळतो. आमी कुठं पळणार? मासळीच्या घरी?"

तर ते नाक अजून ड्युटीवरच आहे. मागच्या वर्षी पलीकडच्या बिल्डिंगमधल्या पोराचं लग्न होतं, वाळूज रोडच्या लॉनवर. नवरदेवानं फेट्यात बारीक लाइटची माळ बसवून घेतली होती, लुकलुक करणारी. अंतरपाट धरलेला, मंगलाष्टकं चालू. काका खुर्चीतून उठले, नाक वर केलं आणि चालत चालत स्टेजवर चढले. लोकांना वाटलं जवळून अक्षता टाकायच्या असतील. त्यांनी जाऊन नवरदेवाचा फेटाच उचलला!

भर मांडवात फेटा! नवरदेवाचा मामा अंगावर धावून आला. "ओ बाबा, फेट्याला हात लावता? डोकं ठिकाणावर हाये का?" काकांनी फेटा उलटा केला, आतली बारकी बॅटरी ओढून काढली आणि मामाच्या हातावर ठेवली. मामानं "आयायाया" करत ती फेकून दिली. नवरदेवाच्या डोक्यावर मागं बंद्या रुपयाएवढं लालभडक झालं होतं. पोरगा बिचारा म्हणाला, "मला वाटलं टेन्शननं गरम व्हायलंय."

काकांच्या उजव्या तळहातावर रेषा नाहीत. एकही नाही, नुसतं गुळगुळीत. दौलताबादला किल्ल्याखाली एक हात बघणारा बसायचा, आम्ही सगळे गंमत म्हणून त्याच्यापुढं बसलो होतो. काकांचा हात बघून तो म्हणाला, "बाबा, इथं तर काहीच लिहिलेलं नाय." काका म्हणाले, "लिहिलेलं व्हतं. भाजलं." आणि उठून उसाचा रस घ्यायला गेले. पुढचं काकूंनी सांगितलं. बॅटरीच्या खोलीत एक केबल धुपायला लागली होती, हातमोजा आणायला दोन मिनिटं गेली असती, म्हणून हातानंच ओढली. तेव्हा ती पाणबुडी नवीन होती.

पाणबुडीचं नाव काका सांगत नाहीत. गुपित. नुसतं "ती" म्हणतात. "ती थंडीत लई गुणाची." "तिला घाई केलेली चालत नाय." काकू म्हणतात, "माझी सवत हाये. फरक येवढाच की तिला म्हातारी झाली तरी कामाला लावत्यात. मला निदान दुपारी झोपू देत्यात."

आता ही म्हातारी झाल्याची गोष्ट खरी. काका रिटायर झाले तेव्हाच तिचे थोडे दिवस राहिले होते. नवीन येणार होत्या, आल्या की हिला सुट्टी. तर त्या नवीन येणार म्हणून जी बातमी आली ती अजून येतीच आहे. रोज सकाळी काका पेपर घेऊन जिन्यात बसतात, हातात लाल पेन. नव्या पाणबुड्यांबद्दल काही छापलं असलं की त्यातल्या 'लवकरच' या शब्दाखाली रेघ मारतात. काकूंच्या जुन्या शिलाई मशीनचा खण त्या कात्रणांनी भरलाय. मी एकदा दहा-बारा काढून वाचली. कागद पिवळा, कागद पांढरा, 'लवकरच' मात्र सगळ्यात होतं.

चौकातल्या चहाच्या टपरीवर माझ्या पप्पांनी एकदा विचारलं, "पण काका, अडतंय कुठं? देशाकडं काय पैसा नाय का?"

"आधी ठरवायचं कंची घ्यायची. त्याला समिती. समितीनं ठरवलं की इच्यारायचं, इथं बांधायची का तिथं. त्याला दुसरी समिती. मग बांधणारा म्हंतो, मला अजून वेळ लागंल. मग साहेबाची बदली व्हती. नवा साहेब म्हंतो, फाइल परत दाखवा." काकांनी बशीतला चहा संपवला. "तवर जुनीला गोदीत न्यायचं, उघडायचं, बघायचं, बुजवायचं, आन् म्हणायचं, अजून थोडी वर्षं चालतीस का बाई? तिला कुठं बोलता येतंय."

पप्पा वाळूजला मशीन शॉपला आहेत. काकांनी त्यांना त्यांच्याच भाषेत सांगितलं. "तुमची शिफ्ट सुटली, भोंगा झाला, पर रिलीव्हर आलाच नाय. मशीन सोडून जाता का?"

"कसं जाणार? डबल करावी लागती."

"तिची डबलच चालूय. फक्त भोंगा व्हऊन वरसं झाली."

पप्पा हसले नाहीत. आणि इथं मला अमोलदादाचं सांगावंच लागेल. त्याच्याशिवाय हे सगळं नुसतं पेपरातलं होतं.

अमोलदादा म्हणजे काकांचा एकुलता एक. तोही नौदलात गेला, तोही बॅटरीवाला झाला, तोही पाणबुडीवर. काकांना वाटलं होतं की तोवर जुनी भंगारात गेली असेल, पोराला नवी कोरी मिळेल. मिळाली तीच. ज्या खोलीत बापाच्या हाताच्या रेषा गेल्या, त्याच खोलीत पोराची ड्युटी. काकू म्हणाल्या, ते कळलं त्या दिवशी हे जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी स्टेशनरीच्या दुकानात गेले आणि खडूची पेटी घेऊन आले.

दादा सुट्टीवर आला की आमच्या गच्चीवर पाणबुडी निघायची. खरंच! काका गुडघ्यावर बसून खडूनं अख्खी खोली आखायचे, कुठं वाकायचं, कुठं वळायचं, सगळं मापात. मग दादाच्या डोळ्यावर टॉवेल बांधायचा आणि चालवायचं. का, तर आत लाइट गेली, धूर झाला, तर हातालाच दिसलं पाहिजे. "हे कुणाला सांगायचं नाय," असं काका आम्हाला बजावायचे, आणि आजूबाजूच्या चार बिल्डिंगा गच्चीवरून बघत असायच्या.

"डावीकडं दोन. वाक. अजून वाक, टकुरं फुटंल. आता हात वर. काय लागलं?"

"वाळवणाची दोरी."

"दोरी नाय ती, स्विच हाये. म्हण!"

"स्विच, बाबा."

"म्होरं चल."

पुढं काकूंच्या कुरडया वाळत होत्या. दादा थेट कुरडयांत. काकू जिन्याच्या दारातून ओरडल्या, "तुमच्या पाणबुडीला आग लागो!" काका एकदम उभे राहिले. एवढा चेहरा पडलेला मी त्यांचा कधी पाहिला नव्हता. ते म्हणाले, "असं बोलू नको."

त्याच दिवशी काकांनी दादाला मध्येच थांबवून विचारलं, "आता धूर झालाय. कुणीकडं?" दादा उजवीकडं वळला. चुकलं. काका पाण्याच्या टाकीला टेकून बसले. थोड्या वेळानं म्हणाले, "परत." ते 'परत' ऊन उतरेपर्यंत चाललं. दर सुट्टीला असंच. चार वर्षं. शेवटी शेवटी दादा डोळे बांधून असा चालायचा जसा आपण रात्री उठून पाण्याच्या माठाकडं जातो.

मग यंदा पेढे आले. नव्या पाणबुड्या अगदीच आल्या नाहीत असं नाही, थोड्या आल्यात, त्यातल्या एकीच्या ट्रेनिंगसाठी यादी लागली आणि तिच्यात दादाचं नाव होतं. काका स्वतः पेढे घेऊन तिन्ही मजले फिरले. प्रत्येक दारात तेच वाक्य, "पोरगं वर आलं." आपण म्हणतो ना, मोठा झाला या अर्थानं वर आला, तसं नाही. पाण्याखालून वर, असं ते म्हणत होते.

आठच दिवसांनी काका आमच्याकडं आले. वास घेतला नाही. सरळ येऊन सोफ्यावर बसले, तेव्हाच आईनं गॅस बारीक केला. त्यांनी मोबाइल माझ्यापुढं धरला. दादाचा मेसेज होता. "बाबा, यादीतून माझं नाव काढलं. माझ्याशिवाय इथं बॅटरी कुणाला कळत नाही. समुद्रावर निघतोय. काळजी नको."

"लई शिकवलं मी त्याला," काका म्हणाले. "जरा कमी शिकवलं असतं तर सुटला असता."

मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, "काका, तो हुशार आहे म्हणून..."

"तेच की. हुशार केला मीच. पोरी, तू लई झरझर टाइप करतीस ना? एक अर्ज लिही. मराठीत लिही, मग इंग्रजी कर."

मी लॅपटॉप उघडला. काका मान ताठ करून, हात गुडघ्यावर ठेवून सांगायला लागले, साहेबासमोर उभं राहिल्यासारखं.

"माननीय महोदय. माझा मुलगा अमोल हा कामात साधारण आहे."

मी त्यांच्याकडं बघितलं. "लिही," ते म्हणाले. मी लिहिलं.

"तो विसराळू आहे. त्याला वेळेचं भान नाही. त्याच्यावाचून काही अडणार नाही. अंधारात त्याला काही..."

थांबले. मी 'अंधारात त्याला काही' पर्यंत लिहून बसले. आई दारात उभी होती, हातातला चहा तसाच.

"खोड," काका म्हणाले.

"कुठून?"

"साधारणपासून. सगळं खोड. पोराचं नाव असं कागदावर नको." त्यांनी तो गुळगुळीत तळहात तोंडावरून फिरवला. मग पुन्हा ताठ बसले. "हं, लिही. अमोल चांगला आहे म्हणून त्याला अडकवू नये. त्याला जे येतं ते सगळं अर्जदाराला येतं. तरी त्याला सोडावे. त्याच्या जागी अर्जदार यायला तयार आहे."

"काका!"

"लिहिलंस का?"

"वय विचारतील ना."

"घाल. पासष्ट."

"आणि गुडघे?"

"गुडघ्याचं घालू नको."

एरवी मी हसले असते. तेव्हा हसायला आलं नाही. आईनं चहा पुढं केला, काकांनी तो घेतला आणि पूर्ण प्याले, कुणी बघतंय हे लक्षात नसल्यासारखे.

मग बरेच दिवस काहीच नाही. समुद्रावर असले की फोन नाही, मेसेज नाही, कुठं आहेत ते कुणी सांगत नाही. पेपरात आलं की नव्या पाणबुड्यांना आणखी मुदत वाढवून दिली. काकांनी ती बातमी वाचली, पेपरची घडी केली आणि पेन खिशातच ठेवलं. मी अर्जाचं इंग्रजी करून ठेवलं होतं, पण कुठं पाठवायचा तेच माहीत नव्हतं. बापाच्या अर्जावर पोरगं सुटत नसतं हे काकांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. तरी रोज विचारायचे, "स्पेलिंग बघितलंस ना?"

रविवारी सकाळी मी लॅपटॉप घेऊन त्यांच्याकडंच बसले होते, पत्ता शोधत, तेवढ्यात दादाचा फोन आला. काकांना कमी ऐकू येतं, इंजिनाच्या आवाजानं कान गेलेत, म्हणून त्यांचा फोन कायम स्पीकरवर. अख्ख्या जिन्याला ऐकू जातो. आत काकूंचं भाकरी थापणं चालू होतं.

"बाबा, आलो. सगळं ठीक."

"ती कशी हाये?"

"चालतीय. बाबा, एक सांगायचं व्हतं. रागावू नका. नाव कुणी काढलं नव्हतं. साहेब सोडत व्हते. मीच थांबलो."

काका फोनकडं नुसते बघत राहिले.

"दोन पोरं नवीन आलीत माझ्या हाताखाली," दादा घाईघाईनं बोलत होता, "त्यांना अजून अंधारात हात कुठं न्यायचा ते कळत नाय. एकदा चुकून उजवीकडं वळला त्यातला एक. मला गच्चीच आठवली. मी गेलो असतो तर तिथं कोण राहिलं असतं? तुम्हीच सांगा."

मला वाटलं फोन कट झाला.

"किती दिवस लागतील पोरांना?" काकांनी विचारलं.

"वर्ष तरी लागंल."

"रोज चालव त्यांना. डोळे बांधून."

"चालवतो."

"बरं केलंस," काका म्हणाले. फोन ठेवला. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "पोरी, तो अर्ज राहू दे आता."

आतून काकू आल्या, हाताला पीठ. "कसला अर्ज?"

"काय नाय."

"काय नाय तर राहू दे कशाला म्हंता? पोरी, वाच."

आणि मी वाचला. मला तेवढं भान असतं तर मी म्हटलं असतं, काकू, लॅपटॉप बंद झालाय. पण मी वाचला, पहिल्या शब्दापासून, माझ्या नेहमीच्या स्पीडनं. 'त्याच्या जागी अर्जदार यायला तयार आहे' हे वाचून झाल्यावर मला कळलं मी काय केलं ते.

काकू उभ्याच होत्या. "म्हंजे पोराला भाईर काढायला तुमी आत जाणार व्हते."

"अगं, घेणार थोडीच व्हते मला. म्हाताऱ्याला कोण घेतंय?"

"ते मला बी कळतंय. पर तुमी निघाले तर व्हते ना." काकूंचा आवाज मुळीच चढला नाही. "पहिल्या बारीला बी मला इच्यारलं नव्हतं. वरसानुवरसं मी फोनच्या शेजारी झोपले. आधी तुमचा, आता त्याचा. आता तुमचा बी परत?"

काकांनी मान खाली घातली. मी उठायला लागले तर त्यांनी हातानंच बस म्हटलं.

"लिही पोरी," ते म्हणाले. "खाली लिही. सदर अर्जास अर्जदाराच्या पत्नीची हरकत आहे."

मी लिहिलं. काकू परत आत जाता जाता दारातून म्हणाल्या, "आन् कारण बी लिहा म्हणावं."

मी 'कारण' लिहिलं, पुढं दोन टिंबं दिली आणि थांबले. "सांगा काका."

काका स्वयंपाकघराच्या दाराकडं बघत होते. "थांब जरा," म्हणाले, गुडघ्यावर हात टेकवून उठले आणि आत गेले.

मी बसून राहिले. आतून बोलण्याचा आवाज आला नाही. भाकरी थापायचा येत होता, थोड्या वेळानं तोही थांबला. मी फाइल तशीच सेव्ह केली आणि आवाज नको म्हणून चप्पल हातात घेऊन जिना चढले.